वूलपॅकच्या भिंतीवरचं ट्यूलिप

कॉनी सग्डन लंडनहून कायमची परत आली, हे मला खाटकाच्या रांगेत कळलं. माझ्यापुढची बाई सांगत होती, "आता संध्याकाळच्या वर्गांना चित्रकला तीच शिकवणार म्हणे. लंडनच्या कॉलेजात पहिली आली होती." माझ्यामागची म्हणाली, "लमबाईंचीच ना ती विद्यार्थिनी? बाईंना केवढा आनंद झाला असेल." आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. रेशनचं मटण घेतलं, घरी आले आणि ते टेबलावर असं आपटलं की मांजर जे सोफ्याखाली गेलं ते चहापर्यंत बाहेर आलं नाही.

आनंद म्हणे.

मी हेस्टर लम. थॉर्नलीच्या मुलींच्या शाळेत गेली सव्वीस वर्षं चित्रकला शिकवते आणि स्वतः फुलं रंगवते. फक्त फुलं. माणसं मला जमत नाहीत, डोंगर काढायला थॉर्नलीच्या धुरातून डोंगर दिसायला हवेत. लंडनच्या प्रदर्शनाला दोनदा चित्रं पाठवली होती, दोन्ही वेळा तशीच्या तशी परत आली. त्यानंतर मी लंडनचं नाव टाकलं. मला लंडन नको होतं, कारण माझ्याकडे आमच्या गावातल्या पबची, वूलपॅकची भिंत होती.

आमच्या गावात गिरणीत राबणारी माणसं ट्यूलिप वाढवतात. बागेतली साधी लाल-पिवळी नव्हेत. पांढऱ्या नाहीतर पिवळ्या पाकळीवर पिसासारख्या बारीक रेघा उमटलेली, जुन्या जातीची. मे महिन्यात वूलपॅकच्या माडीवर त्यांचं प्रदर्शन भरतं. फुलं ठेवायची ती बिअरच्या तपकिरी बाटल्यांत, एका बाटलीत एक. बाहेरगावचे लोक बघून हसतात. हसोत बापडे. त्यांच्या आजोबांनी नसेल केलं, आमच्या आजोबांनी केलंय. पहिल्या आलेल्या फुलाचं जलरंगात चित्र काढायचं आणि ते त्या माडीच्या भिंतीवर लावायचं, ही इथली जुनी रीत. मी शाळेत लागले त्या वर्षापासून ते चित्र माझं असतं. लग्न नाही, मूलबाळ नाही. गावात कोणी मला ओळखतं ते "वूलपॅकमधली फुलं काढतात त्या बाई" म्हणून. मी मेले तरी ती भिंत माझीच राहील, असं मी धरून चालले होते.

आणि आता ही आली.

खरं सांगायचं तर ती मला नुसती आताच डोळ्यांत खुपत नव्हती. अकरा वर्षांची असताना माझ्या वर्गात आली, विणकराची पोर, नाक सतत गळत असायचं. मी सगळ्यांना पेल्यात प्रिम्युलाचं एक एक फूल दिलं होतं. बाकीच्या मुली खोडरबराने कागद फाडत होत्या. या कार्टीने एकदाच बघितलं, एकदाच रेघ ओढली आणि ते फूल कागदावर येऊन बसलं. मी तिच्या मागे उभी होते.   त्या रेघेसाठी मी आयुष्यभर झटले होते आणि ती हिला फुकट मिळाली होती.

पण शिकवलं मी तिला. मन लावून शिकवलं, ते कोणी नाकारू नये. ब्रश कसा धुवायचा, पाकळी आधी आणि पान मागाहून का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पांढरा रंग. "पांढरा ट्यूबमधून येत नाही, पांढरा कागदातून येतो," हे मी वर्गात इतक्या वेळा म्हटलंय की मुली माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. फुलात जिथे पांढरं आहे तिथला कागद कोरा सोडायचा. ट्यूबमधला पांढरा वर लावला की तो मेल्यासारखा दिसतो, निळसर, दुधात पाणी घातल्यासारखा. कॉनीने तो कधी लावला नाही. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या चोरून लावायच्या.

एप्रिलअखेर एका संध्याकाळी ईनॉक बॅराक्लफ माझ्या दारात आले. ट्यूलिपवाल्या मंडळाचे चिटणीस. धंदा जोडे दुरुस्तीचा, पण जीव सगळा फुलांत. टोपी हातात धरून ते पायपुसण्यावरच उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोला की. आत या. चहा टाकलाय."

"चहा नको. त्याचं असं आहे की, मंडळातले काही जण म्हणत होते... म्हणजे मी नाही म्हणत हं."

"तुम्ही कसे म्हणाल. तुम्ही फक्त निरोप घेऊन आलात."

"सग्डनची मुलगी आलीय ना. तिने काढून बघावं यंदा, असं पोरांचं म्हणणं. लंडनला शिकून आलीय."

"आणि मी कुठे शिकले? गोठ्यात?"

बॅराक्लफ टोपी फिरवत राहिले. "असं काय बाई. तुमच्या चित्रांना कोणी नावं ठेवलीत का? पण नवीन माणसालाही एकदा..."

"मग दोघींना काढू द्या," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. "एकच फूल, दोघींनी काढायचं. मंडळाने निवडायचं. आणि जिचं निवडाल तीच पुढेही काढेल. दर वर्षी माझ्या दारात टोपी फिरवायला यायची गरज नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. माझ्या घराला जिना नाही म्हणून वाचले.

प्रदर्शन शनिवारी झालं. पहिलं आलं ते बॅराक्लफ यांचंच फूल, 'मिसेस ग्रीव्ह' नावाचं, पांढऱ्यावर जांभळट तपकिरी पीस. त्याचा तळ, म्हणजे पाकळ्या जिथे आतून एकत्र येतात ती जागा, असा स्वच्छ होता की परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं. आमच्याकडे तळाला फार किंमत. रेघा कितीही सुंदर असोत, तळावर जरा निळसर झाक दिसली की फूल बाद. रविवारी थॉर्नलीत कोणी ब्रशला हात लावत नाही, म्हणून मिसेस ग्रीव्ह वूलपॅकच्या तळघरात, बिअरच्या पिंपांच्या थंडाव्यात राहिली. सोमवारी सुट्टी होती. सकाळी आम्ही दोघी माडीवर एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो, मधे फूल.

कॉनी केस कापून आली होती, पार कानापर्यंत. मला वाटलं होतं लंडनचं वारं लागून ती शिष्ट झाली असेल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती उठून म्हणाली, "बाई, तुम्ही इकडे बसा. उजेड इकडे चांगलाय."

"मला कुठे बसायचं ते कळतं."

"तसं नाही. ती पाकळी इकडून छान दिसतेय, म्हणून म्हटलं."

आणि खरंच तिकडून छान दिसत होती. मी बसले तिच्या जागेवर. उपकार घेऊन बसले, आणि त्याचाही राग आला.

तिचा बोर्ड उभा होता, मला कागद दिसत नव्हता. पण ऐकू येत होतं. माझा ब्रश सारखा पाण्यात बुडत होता, कपबशी धुवावी तसा. तिचा अधूनमधून, एकदाच. बाहेर बँड वाजत गेला, खाली लोक हसत होते. मी पिसाच्या रेघांवर आले तेव्हा माझा हात थरथरायला लागला. हल्ली थरथरतो तो. शाळेत कोणाला माहीत नाही, मी फळ्यावर मोठं मोठं काढते. एक रेघ बाहेर गेली, मी फडक्याने टिपली. दुसरी गेली. वर बघितलं तर कॉनी माझ्या हाताकडे बघत होती.

"बाई, चहा मागवू? जरा थांबू या."

"तुला थांबायचं तर थांब."

 तिने हातातल्या ब्रशकडे बघितलं, मग मान खाली घातली. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि चित्र पुरं केलं. माझ्या मते ते वाईट नव्हतं. माझं कुठलंच वाईट नसतं.

संध्याकाळी, उजेड होता तोवर मंडळ जमलं. दोन्ही चित्रं टेबलावर उभी केली. प्रत्येकाने आपली रिकामी बाटली आवडलेल्या चित्रापुढे ठेवायची, असं ठरलं होतं. ही टूम वूलपॅकचा मालक क्लेग याची, कारण नंतर त्या सगळ्या बाटल्या तोच भरून देणार होता. मी खिडकीशी पाठ करून उभी राहिले. आधी कुजबुज ऐकू आली, मग बॅराक्लफ यांचा आवाज.

"हा तळ काय हा? माझ्या फुलाचा तळ असा आहे? असा असता तर परीक्षकांनी पहिल्या फेरीतच बाहेर काढलं असतं."

मग बाटल्या वाजायला लागल्या. मी वळले. माझ्या चित्रापुढे जंगल उभं राहिलं होतं. कॉनीच्या चित्रापुढे दोन, त्यातली एक तिच्या मामाची.

काय सांगू काय वाटलं ते. गुडघ्यातलं दुखणं पळालं. मी क्लेगने दिलेली शेरी एका घोटात प्याले, जी मी नाताळलाही पीत नाही. लोक पाठ थोपटत होते. कॉनीसुद्धा आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अभिनंदन बाई." मी म्हणाले, "होतं असं कधी कधी. लंडनला तळाचं काही सांगत नसतील." हे म्हणताना मला किती गोड लागलं.

सगळे खाली गेले. मी मागे राहिले, कारण मला तिचं पडलेलं चित्र मनसोक्त बघायचं होतं. चष्मा पुसला आणि टेबलावर वाकले.

रेघा बघितल्या आणि शेरी डोक्यातून उतरली. एकेक पीस एका झटक्यात ओढलेलं, जाडीपासून निमुळतं होत हवेत विरणारं, कुठे परत हात नाही, कुठे टिपलं नाही. आणि खाली तळावर तो ट्यूबमधला पांढरा, निळसर, मेलेला. मला कळेना. असं चित्र काढणारीने असा तळ कसा केला? मी कागद हातात घेऊन खिडकीशी तिरका धरला. पांढऱ्या रंगाच्या कडेला, पाकळीला चिकटून, केसाएवढी एक कोरी पट्टी राहिली होती. कोऱ्या कागदाची. झगझगीत.

म्हणजे तिने आधी कागद सोडला होता. तळ स्वच्छ, पुरा, जसा हवा तसा झाला होता. मग त्याच्यावर तिने तो चिखल थापला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला वूलपॅकच्या मागच्या अंगणात गाठलं, सायकलचं कुलूप काढत होती.

"कॉनी, तळावर काय लावलंस?"

"चुकलं बाई."

"खोटं बोलू नकोस. तू अकरा वर्षांची असल्यापासून मी तुला ओळखते. चूक करायची तर तुला मुद्दाम बसावं लागतं."

तिने सायकलचं हँडल धरून ठेवलं. "तुमचा हात..." ती म्हणाली. "तुम्ही मनगट धरून काढत होता. मला बघवेना. मला काय, मी काढीन कुठेही. तुम्हाला ही भिंत..."

"दया आली तुला माझी."

"दया नाही हो बाई."

"मग काय? प्रसाद?"

तिला रडू फुटलं. मला नाही फुटलं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जिंकायचं ते हिने, हरायचं तेही हिनेच ठरवायचं, आणि वर मन मोठं असण्याचा मानही हिलाच? माझ्यासाठी काही ठेवलं होतं की नाही या पोरीने?

"उद्या शाळा सुटल्यावर माझ्या घरी ये," मी म्हणाले. "रंग घेऊन ये."

फूल मी बॅराक्लफ यांच्याकडून मागून घेतलं. माझ्या चित्राच्या कडा जरा नीट करायच्या आहेत, असं सांगून चित्रही घरी नेलं. त्यांनी मिसेस ग्रीव्हच्या बाटलीवर रुमाल टाकून ती स्वतः माझ्या कोळशाच्या कोठडीत आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं, पाव-लोणी समोर ठेवलं, तिने खाल्लं नाही.

"काढ," मी म्हणाले. "आणि जसं येतं तसं काढ. मला फसवलंस तर मला कळेल."

मी शेजारी खुर्ची ओढून बसले. मी काय मागत होते देवाकडे, सांगते. हिचा हात चुकू दे, असं मागत होते. रडून डोळे सुजलेत, फूल शिळं झालंय, उजेड उतरतोय, एवढं सगळं आहे, तर एक रेघ, देवा, एकच रेघ हिची बाहेर जाऊ दे. म्हणजे मला म्हणता येईल की काल तिला खरंच जमलं नव्हतं, पट्टी नजरचुकीने राहिली, बाटल्या बरोबर होत्या.

नाही गेली. ती सुरुवातीला घाबरत होती, मग मला विसरली. ते मला दिसलं, ती मला विसरली तो क्षण. तोंड जरा उघडं पडलं, अकरा वर्षांची असताना पडायचं तसं. पाकळीची कड जिथे जरा सुकून आत वळली होती, ती तिने तशीच वळवली, आणि फूल आणखीच जिवंत झालं. तळाशी तिने काहीच केलं नाही. नुसता कागद सोडला. त्या कोऱ्या कागदातून उजेड वर येत होता. मी असा कागद हजार वेळा सोडला असेल. माझा नुसता कागद राहतो.

"झालं," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईने म्हणाली, "हे तुमच्याकडेच राहू द्या बाई. जाळलंत तरी चालेल. मी कोणाला सांगणार नाही."

"जा आता," मी म्हणाले.

ते चित्र मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ती गेल्यावर पहिल्यांदा काढून बघितलं. मग शाळेत जाण्याआधी. मग शाळेतून आल्यावर. एकदा काड्यापेटीही हातात घेतली. जाळलं असतं तर कोणाला कळलं असतं? वूलपॅकमध्ये माझं चित्र लागलं असतं, पुढच्या वर्षी परत माझं, आणि कॉनीने माझ्याकडे बघून तशीच मान खाली घातली असती, दर वर्षी, मी मरेपर्यंत. त्या भिंतीवर मी तिच्या कृपेने टांगलेली असते. ते मला सहन होईना. ते चित्र बघणंही सहन होईना. मी दोन्ही बाजूंनी जळत होते.

शनिवारी सकाळी मी दोन चित्रांतलं एक शेगडीत घातलं आणि दुसरं कागदात गुंडाळून वूलपॅकला गेले.

चित्र भिंतीवर लावायला माडीवर सगळे जमले होते. कॉनीही होती, मामाच्या मागे, दाराशी. बॅराक्लफ हातोडा घेऊन तयार. "आणा बाई," ते म्हणाले. मी कागद सोडला आणि चित्र टेबलावर उभं केलं.

सगळे पुढे वाकले. मग क्लेग म्हणाला, "हे तुमचं नाही."

"नाही. कॉनीचं आहे. मंगळवारी काढलं. तेच फूल."

"पण बाटल्या तुमच्या चित्रापुढे होत्या बाई," बॅराक्लफ म्हणाले. "ठरल्याप्रमाणे तुमचंच लागणार."

"माझं आता नाहीये. शेगडीत घातलं."

"शेगडीत? कशाला?"

"थंडी वाजत होती."

बॅराक्लफ टेबलाजवळ आले. आधी त्यांनी तळ बघितला, सवयीने. मग रेघा. मग ते खालीच बसले, खुर्ची ओढून, आणि आपल्या फुलाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांनी टोपी काढली. बाकीचे एकेक करून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. माझ्या कुठल्याही चित्रापुढे हे लोक असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. माझ्या चित्रांना ते "झकास" म्हणतात आणि खाली प्यायला जातात.

शेवटी बॅराक्लफ उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे ओले होते. "बाई," ते म्हणाले, "धन्य तुमची. तुम्ही शिकवलंत म्हणून हे झालं. ह्याचं श्रेय तुमचं आहे."

"सगळं बाईंनीच शिकवलं," कॉनी दारातून म्हणाली.

"तू गप्प बस," मी म्हणाले. मग बॅराक्लफ यांच्या हातातून हात काढून घेतला. "हे मी नाही शिकवलं. मला हे येत असतं, तर सव्वीस वर्षांत एकदा तरी केलं नसतं का? ती बघा ना भिंत."

सगळे भिंतीकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी ती नीट बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कोणीही मला खोटं पाडलं नाही.